लिटल जो ई ला फामिलिया

अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या तेहानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या टेक्सासकरांच्या, संगीतातील एक अग्रणी वाद्यवृंद. नावाचा अर्थ ‘लिटल जो आणि कुटुंब’. होसे मारिया दे लिओन एर्नांदेस ऊर्फ लिटल जो हा त्याचा गायक व प्रमुख. त्याचा जन्म 1940 साली मध्य टेक्सासमधील टेंपल या गावी झाला. घर तेरा भावंडांचे, आणि पोट कापूसवेचणीवर.

तेहानो संगीताचे दोन मुख्य प्रवाह होते. कोंहुंतो हा कष्टकऱ्यांचा: अकॉर्डियन आणि बाहो सेक्स्तो ही भारदस्त आवाजाची बारा तारांची गिटार. ओर्केस्ता हा ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा, चार पैसे गाठीशी जमलेल्यांचा. जर्मन आणि चेक स्थलांतरितांबरोबर आलेला पोल्का हा द्रुत नाचठेका दोन्हींनी आपलासा केला. लिटल जोचे वेगळेपण असे की तो कापसाच्या शेतातून थेट ओर्केस्तात आला आणि पुढे ते संगीत पुन्हा शेतमजुरांपर्यंत घेऊन गेला.

1950 च्या दशकाच्या मध्यावर चुलतभाऊ डेव्हिड कोरोनाडोच्या ‘लॅटिनेअर्स’मध्ये तो गिटार वाजवू लागला, कोरोनाडो बाहेर पडल्यावर वाद्यवृंद त्याच्याकडे आला. नाव इंग्रजी धाटणीचे, सगळ्यांचे सूट एकसारखे. त्या काळच्या गोऱ्या-काळ्या पॉप बँडांचीच ही नक्कल होती. 1964 मध्ये बँडमध्ये वाजवणारा भाऊ जेसी मोटार अपघातात गेला. त्यानंतर थोड्याच काळात डॅलसच्या सारापे कंपनीने काढलेल्या ‘पोर उन आमोर’ने लॅटिनेअर्सना टेक्सासभर नाव मिळवून दिले.

खरा पालट कॅलिफोर्नियात झाला. साठच्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को परिसरात लॅटिन रॉक आणि चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकनांच्या हक्कांची, चळवळ दोन्ही ऐन भरात होती. सूट गेले, केस-दाढ्या वाढल्या, आणि 1970 मध्ये ‘लॅटिनेअर्स’ जाऊन स्पॅनिश ‘ला फामिलिया’ आले. हा बदल नुसता पाटीचा नव्हता. गाणे रांचेरा, म्हणजे मेक्सिकन ग्रामीण गीत म्हणून, अगदी गावठी ठेक्यात सुरू होई. मध्येच ट्रम्पेटसारखी पितळी वाद्ये जॅझच्या वळणाने उसळत आणि गाणे पुन्हा पोल्क्यावर येऊन ठेपे. एकाच गाण्यात दोन जगांत ये-जा करण्याची ही रीत ‘ओंदा चिकाना’ (चिकानो लाट) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शैलीची खूण ठरली. ‘पारा ला हेंते’ (लोकांसाठी, 1972) हा अल्बम तिचा सर्वोत्तम नमुना. त्यात धाकटा भाऊ जॉनी याच्याबरोबरची जोडगायकी आहे, आणि ‘लास नुबेस’ (ढग) हे गाणेही. सेसार चावेस यांच्या शेतमजूर संघटनेने ते आपले चळवळगीत मानले; बँड त्यांच्या मदतीसाठी कार्यक्रमही करी. गंमत अशी की गाण्यात घोषणा एकही नाही, आहे तो दुःख पचवून पुढे जाण्याचा भाव. तेहानो नाचांतून ते आजही हटकून वाजते.

‘16 दे सेप्तिएंब्रे’ या अल्बमला ग्रॅमी मिळाले. पुढे तेहानो अल्बमसाठीचे ग्रॅमीही 2008 आणि 2011 मध्ये बँडला लाभले. 2011 नंतर ग्रॅमीच्या फेररचनेत तेहानोचा स्वतंत्र विभागच बंद झाला, त्यामुळे त्या विभागाचे अखेरचे विजेतेही हेच ठरले.