पाच ग्रॅमचा हिशेब

अमेरिकेचे अध्यक्ष अमली पदार्थांच्या खटल्यांतले कैदी शेकड्यांनी का सोडतात, याचा माग काढत गेलं की आपण १९८६ च्या जूनमध्ये पोचतो. १७ जूनला लेन बायस या बास्केटबॉलपटूला बोस्टन सेल्टिक्सने निवडलं आणि १९ जूनला तो कोकेनने गेला. वय २२. त्यात निवडणुकीचं वर्ष. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, घाईघाईत कायदा उरकला, २७ ऑक्टोबरला अध्यक्ष रेगन यांनी सही केली.

आता शिक्षा वजनावर ठरू लागली. ५ ग्रॅम क्रॅक विकायला बाळगलं तर किमान ५ वर्षं. तेवढ्याच शिक्षेसाठी पावडरीचं कोकेन मात्र ५०० ग्रॅम लागे. ५ ग्रॅम म्हणजे चहातली सव्वा चमचा साखर! क्रॅक तरी काय, खाण्याच्या सोड्यात उकळून खडे केलेलं कोकेनच. पण ते गरीब वस्त्यांत खपायचं, आणि त्यापायी आत गेलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. १९८४ च्या कायद्याने केंद्रीय तुरुंगांतला पॅरोल, म्हणजे मुदतीआधीची सुटका, हाही मोडीत काढलेला. न्यायाधीशाला कितीही वाईट वाटलं तरी त्याचे हात बांधलेले.

उरला तो राज्यघटनेने अध्यक्षांना दिलेला क्षमेचा अधिकार. आपल्या राष्ट्रपतींना कलम ७२ वापरताना मंत्रिमंडळाचा सल्ला मानावा लागतो. तिथे एकट्याची सही पुरते. गुन्हा तेवढा केंद्रीय कायद्याखालचा हवा.

२०१० मध्ये पावडर आणि क्रॅक यांच्या वजनांतलं १००:१ चं प्रमाण १८:१ वर आलं, पण आधी शिक्षा झालेल्यांना त्याचा फायदा नव्हता. ही फट बुजवायला ओबामांनी २०१४ मध्ये मोहीम काढली: हिंसा न केलेले, किमान १० वर्षं भोगलेले कैदी. एकूण १,७१५ जणांच्या शिक्षा कमी झाल्या, त्यातल्या ३३० शेवटच्या दिवशी. गंमत म्हणजे अर्जाची फाईल जाते न्याय खात्याकडेच, म्हणजे ज्याने खटला भरला त्याच्याच टेबलावर.

अ‍ॅलिस मेरी जॉन्सन यांचा अर्ज तेव्हा फेटाळला गेला. पहिलाच गुन्हा, जन्मठेप, २१ वर्षं आत. पुढे किम कार्दाशियन ट्रम्प यांना भेटल्या आणि आठवड्याभरात, ६ जून २०१८ ला, जॉन्सन बाहेर आल्या. ज्यांच्यासाठी रदबदली करायला कुणी तारका नव्हती, ते आतच राहिले. त्याच डिसेंबरच्या कायद्याने जुन्या क्रॅक कैद्यांना कोर्टात जायची वाट मोकळी झाली. १७ जानेवारी २०२५ ला बायडन यांनी आणखी सुमारे अडीच हजार शिक्षा कमी केल्या. चारच दिवसांनी ट्रम्प यांनी 'सिल्क रोड' हा अमली पदार्थांचा ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या रॉस उल्ब्रिख्टला पूर्ण माफी दिली.

१८:१ कायद्यात अजून तसंच आहे.