अर्जेंटिनाच्या परवडणाऱ्या पांढऱ्या वाइनची पारख

अर्जेंटिना म्हटले की माल्बेक द्राक्षाच्या वाइनची तांबडी बाटली आठवते. तिथल्या पांढऱ्या वाइनकडे त्या मानाने लक्ष जात नाही. अमेरिका-युरोपातील दुकानांत साधारण ८ ते १५ डॉलरला मिळणाऱ्या या वाइन मुरवत ठेवण्यासाठी केलेल्या नसतात. त्यामुळे महागड्या वाइनचे निकष इथे लावू नयेत. फळाचा ताजेपणा किती टिकला आहे, आंबटपणा वाइनमध्ये मिसळलेला आहे की वेगळा जाणवतो आणि घोट गिळल्यावर तोंडात काय उरते, हे पाहावे.

देशातील द्राक्षमळे अँडीज पर्वताच्या पूर्व पायथ्याशी, वाळवंटी पट्ट्यात आहेत. मेंडोसा या वाइनच्या मुख्य प्रांतात वर्षाला जेमतेम २०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. पाणी येते ते डोंगरावरच्या बर्फाचे, पाटांतून किंवा ठिबकने. हवा कोरडी असल्याने बुरशीचा त्रास कमी, पण गारपिटीचा मोठा, म्हणून अनेक मळ्यांवर जाळ्या दिसतात. दर १०० मीटर चढाला तापमान सुमारे ०.६ अंशाने उतरते. सखल भागातील उन्हाने द्राक्षातील आम्ल लवकर जळते आणि वाइन सपक होते. उंचावरच्या थंड रात्री ते आम्ल राखतात. म्हणून लेबलवर गाव किंवा खोरे छापलेले असेल तर ते आधी वाचावे. ऊको खोरे, तुपुंगातो, काफायाते, पेदेर्नाल ही नावे दिसली तर मळा उंचावरचा आहे. नुसते ‘मेंडोसा’ लिहिलेले असेल तर द्राक्षे कुठल्याही उंचीवरची असू शकतात.

या देशाचे स्वतःचे म्हणावे असे पांढरे द्राक्ष म्हणजे तोरोंतेस. त्याचे रिओखानो, सानखुआनिनो आणि मेंडोसिनो असे तीन वेगवेगळे वाण आहेत. चांगली वाइन मुख्यतः रिओखानोची होते. डीएनए तपासणीनुसार हा वाण मस्कत ऑफ अलेक्झांड्रिया आणि क्रिओया चिका यांचा संकर आहे. साल्ता प्रांतात, सुमारे १,७०० मीटर उंचीवरचे काफायाते हे त्याचे खरे घर. तिथे जुन्या वेली मांडवावर चढवलेल्या असतात. पानांच्या सावलीमुळे घड उन्हाने करपत नाहीत. ला रिओखा प्रांतातील फामातिना खोऱ्यातली तोरोंतेस बहुधा अधिक स्वस्त असते. सुसाना बाल्बो या वाइनतज्ज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात काफायातेत कामाला सुरुवात केली. तोरोंतेसला देशाबाहेर ओळख मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

तोरोंतेस नवख्याला हमखास फसवते. पेला नाकाशी नेला की मोगरा, गुलाब, संत्र्याची फुले, लिची, पीच असा घमघमाट येतो. मस्कतकडून आलेल्या लिनलूल, जेरॅनिऑल या टर्पीन वर्गातील द्रव्यांचा हा वास. नाक गोड चवीची तयारी करते आणि घोट निघतो चक्क ड्राय, म्हणजे बिनगोड. यात दोष काही नाही, हाच या वाणाचा स्वभाव आहे. दोष असतो तो शेवटच्या कडवटपणात. संत्र्याच्या सालीइतका हलका कडूपणा चालतो, पण घशाशी रेंगाळणारा, औषधासारखा कडूपणा आला तर द्राक्षे फार दाबून पिळली गेली किंवा सालींबरोबर रस जास्त वेळ राहिला, असे समजावे. दुसरा दोष उशिरा तोडणीचा. तेव्हा मद्यार्क १४ टक्क्यांच्या पुढे जातो, वास अत्तरासारखा जड होतो आणि आंबटपणा हरवतो.

शार्डोने या द्राक्षाची वाइन सर्वत्र मिळते. अर्जेंटिनात त्याचा ‘मेंडोसा क्लोन’ (कलमांनी वाढवलेला पोटवाण) बराच लावला जातो. त्याच्या एकाच घडात लहान-मोठे मणी येतात (नाशिकचे बागायतदार बारीक मण्यांना ‘शॉटबेरी’ म्हणतात) आणि लहान मण्यांमुळे आंबटपणा व घट्टपणा मिळतो. स्वस्त शार्डोनेत पारखायचे ते ओक लाकूड. २२५ लिटरचे नवे पिंप या किमतीत परवडत नाही, म्हणून टाकीत ओकचे तुकडे किंवा फळ्या सोडतात. ते बेताने झाले तर भाजलेल्या बदामाची झाक येते. जास्त झाले तर वाइनला व्हॅनिला इसेन्स आणि लाकडाच्या भुशाचा वास येतो, फळ त्याखाली दबते. या किमतीत ओकविरहित बाटली बहुधा जास्त प्रामाणिक निघते.

सोव्हिन्यों ब्लाँ उंचावरची असेल तर चकोतरा आणि नुकत्याच कापलेल्या गवताचा वास देते, सखल भागातली मिळमिळीत लागते. सेमियों एके काळी मेंडोसात भरपूर होते. आता क्षेत्र घटले असले तरी जुन्या वेलींची, मेणासारखी गुळगुळीत वाइन कधी कधी किमतीच्या मानाने फार चांगली निघते. पेद्रो हिमेनेसची (स्पेनच्या तशाच नावाच्या द्राक्षापेक्षा हे वेगळे) वाइन बहुतेक खोक्यांत जाते. ती स्थानिक लोक बर्फ आणि सोडा घालून पितात, तिची पारख करत बसण्यात अर्थ नाही.

लेबलवर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एकाच द्राक्षाचे नाव असेल तर किमान ८५ टक्के वाइन त्या द्राक्षाची असते. ‘रेसेर्वा’ लिहिलेली पांढरी वाइन किमान सहा महिने आणि ‘ग्रान रेसेर्वा’ किमान एक वर्ष मुरवलेली असावी लागते. तोरोंतेसच्या बाबतीत हे शब्द शिफारस ठरतीलच असे नाही. ‘कोसेचा’ म्हणजे तोडणीचे वर्ष. दक्षिण गोलार्धात पांढऱ्या द्राक्षांची तोडणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, म्हणून त्याच वर्षाची वाइन वर्ष संपण्याआधी बाटलीत आलेली असू शकते. तोरोंतेस आणि सोव्हिन्यों तोडणीपासून दोन वर्षांच्या आत प्यावी. सवलतीत ठेवलेली चार वर्षांपूर्वीची तोरोंतेस स्वस्त नसते, शिळी असते.

चाखण्यासाठी एका वेळी सहा वाइन पुरेत. ७५० मिलिच्या बाटलीतून ५० मिलिचे पंधरा नमुने निघतात. सहा नमुने म्हणजे माणशी ३०० मिलि, म्हणून समोर थुंकण्यासाठी तस्त ठेवावे, नाहीतर चौथ्या पेल्यानंतरचे मत ग्राह्य धरू नये. वर निमुळता होत जाणारा, सुमारे २१५ मिलिचा पेला घ्यावा आणि तो पाव भागच भरावा. खोलीत उदबत्ती, अंगाला अत्तर आणि केसांत गजरा नको. तोरोंतेस चाखताना तर मोगऱ्याचा गजरा सगळा हिशेबच बिघडवतो. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर आकडे टाकले की किमतीचा प्रभाव जातो.

क्रमात चूक फार होते. आधी सोव्हिन्यों, मग सेमियों, ओकविरहित शार्डोने, ओकची शार्डोने आणि शेवटी तोरोंतेस. तिचा वास नाकात बसला की पुढच्या हलक्या वाइन पाण्यासारख्या वाटतात. ‘तार्दिओ’ म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड बाटली असेल तर ती तोरोंतेसच्याही नंतर.

तापमान ८ ते १० अंश ठेवावे, ओकच्या शार्डोनेला १० ते १२. बाटली फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटे बाहेर ठेवली की पुरते. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी निम्मे-निम्मे, मूठभर मीठ आणि वीस मिनिटे. नुसत्या बर्फात बाटली हळू गार होते, कारण खड्यांमध्ये हवा राहते. फार गार वाइनचा वास झाकला जातो. म्हणून प्रत्येक वाइन दोनदा चाखावी: एकदा गार असताना आणि एकदा पेल्यात १४ अंशांच्या आसपास आल्यावर. गारव्यात कडवटपणा उठून दिसतो. कोमट होताच मद्यार्काची जळजळ आणि सपकपणा उघडे पडतात. दोन्ही वेळा नीट उभी राहिली ती वाइन चांगली.

चाखताना आधी पेला न हलवता हुंगावा, मग फिरवून. छोटा घोट दहा सेकंद तोंडात घोळवून थुंकावा आणि चव किती टिकते ते मोजावे. या किमतीत पाच-सहा सेकंद फळाची चव राहिली तरी ती समाधानकारक. उष्ण प्रदेशात रसात टार्टारिक आम्ल मिसळण्याची पद्धत रूढ आहे. ते बेताने मिसळले नसेल तर आंबटपणा लिंबूफुलासारखा जिभेच्या कडांना झोंबतो, फळाशी मिसळत नाही.

बिघाड ओळखता यावेत. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बुचाचा दोष, बाटली परत करावी. कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास आणि तपकिरी छटा म्हणजे हवा लागली आहे. विझलेल्या काडीचा वास गंधकाचा. पेला फिरवला की तो बहुधा उडून जातो. पारदर्शक काचेची बाटली दुकानाच्या दिव्याखाली राहिली तर उकडलेल्या कोबीचा वास येतो, म्हणून अशी बाटली फळीच्या मागून काढावी. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर घाबरू नये. ते टार्टारिक आम्लाचे क्षार असतात.

साल्तात तोरोंतेस एम्पनादांबरोबर, म्हणजे सारण भरलेल्या करंज्यांबरोबर पितात. आपल्याकडे आले-ओल्या नारळाच्या, सौम्य मसाल्याच्या माशांबरोबर ती जुळते. झणझणीत रश्शाबरोबर मात्र १३.५ टक्के मद्यार्क तिखटाची आग वाढवतो. भारतात या वाइनवर सीमाशुल्क आणि उपकर मिळून १५० टक्के बोजा पडतो, त्यावर राज्याचे कर. त्यामुळे मेंडोसातली परवडणारी बाटली पुण्यात परवडणारी राहत नाही. तेवढ्या पैशांत नाशिकची चांगली शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यों येते. तुलनेसाठी तीच रांगेत ठेवणे उपयोगी पडते.

उरलेली बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी तीच वाइन पुन्हा चाखावी: वास गेला आणि नुसता कडवटपणा उरला असेल तर पहिल्या दिवशी दिलेले गुण कमी करावेत.