मावशीच्या कमरेवरच्या मुंग्या

अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावात ‘करंट’ हा शब्द चांगल्या अर्थानं कुणी वापरत नाही. विहिरीवरच्या स्टार्टरला ओला हात लागला की बसतो, तो करंट. म्हणून फिजिओथेरपीवाल्या ताईंनी पिशवीतून डबी काढली तेव्हा बाजेवरची मावशी म्हणाली, “आता ह्येच राह्यलं व्हतं व्हय?” तिचा स्तनाचा कर्करोग मणक्यात उतरला होता. पडून असताना ठणका ती सोसायची, पण उठून बसताना अशी कळ निघायची की तोंडातला शब्द अर्धाच राहायचा.

डबी पत्त्यांच्या कॅटाएवढी. आत नऊ व्होल्टची बॅटरी, बाहेर दोन वायरी आणि चार चिकट पट्ट्या. तिला ‘टेन्स’ म्हणतात; कातडीवरून हलका करंट देऊन दुखणं दाबायला ती वापरतात. लाइट गेली तरी चालते, हा आमच्याकडे काही लहान गुण नव्हे.

कोपर दाराला आपटलं की आपण आधी ते चोळतो. या चोळण्यामागचं शास्त्र रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडलं. स्पर्शाची खबर जाड मज्जातंतूंतून सेकंदाला 35 ते 75 मीटर वेगानं धावते, तर रेंगाळणाऱ्या ठणक्याची खबर बारीक तंतूंतून जेमतेम एक-दोन मीटरनं सरकते. दोन्ही खबरी मज्जारज्जूत पोचतात, आणि तिथे जणू एक दरवाजा असतो. जुन्या औरंगाबादच्या मकाई दरवाज्यात समोरून रिक्षांची रांग आली की टेम्पो अलीकडेच खोळंबतो, तसं काहीसं. अर्थात शरीरात वाट गर्दीनं अडत नाही. जाड तंतू मज्जारज्जूतल्या काही पेशींना जागं करतात आणि त्या पेशी वेदनेचा निरोप दाबून धरतात. टेन्सच्या मुंग्या म्हणजे न थकता चाललेलं हे चोळणं. सेकंदाला 80 ते 100 ठोके दिले की मुंग्या येतात. दोन-चारच पण जोरदार ठोके दिले तर स्नायू उडतो आणि शरीर स्वतःची अफूसारखी रसायनं सोडतं.

या उपचाराच्या मुळाशी कर्करोगाचाच एक रुग्ण आहे. 1967 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्मन शीली यांनी फुप्फुसाच्या कर्करोगानं तळमळणाऱ्या माणसाच्या मज्जारज्जूवर विजेचं अग्र, म्हणजे इलेक्ट्रोड, बसवलं. असं अग्र कुणाला मानवेल हे आधी ताडून पाहायला कातडीवरून करंट देऊ लागले. ती चाचणीच बऱ्याच जणांना पुरेशी वाटली, आणि पुढे तिचाच उपचार झाला.

मग कर्करोगात याचा उपयोग किती? कॉक्रेन ही संस्था एखाद्या उपचारावरचे प्रयोग एकत्र तपासते; तिच्या 2012 च्या आढाव्यात मोठ्या माणसांवरचे धड प्रयोग सापडले तीन, आणि रुग्ण सगळे मिळून 88. त्यावरून ‘होय’ही म्हणता येईना आणि ‘नाही’ही. हाडांच्या दुखण्यावरच्या एका छोट्या प्रयोगात, 24 जणांच्या, हालचाल करतानाचं दुखणं कमी झाल्याची चिन्हं होती. मुळात हे तपासणंच अवघड. तुलनेसाठी काही जणांना खोटा उपचार द्यावा लागतो; साखरेची गोळी औषध म्हणून खपते, पण मुंग्याच न देणारी खोटी डबी रुग्ण पटकन ओळखतो. त्यामुळे ‘सगळं दुखणं गायब’ म्हणून डबी विकणाऱ्याला मी तरी दारातूनच परत पाठवीन. मॉर्फिनच्या जागी ही डबी नव्हे. मॉर्फिनच्या जोडीला ठेवायची असेल तर जरूर ठेवावी.

पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नये. गळ्याच्या पुढच्या बाजूला पट्टी कधीच नाही. आपल्याकडे गुटख्यानं तोंडाचे कर्करोग इतके, की हे मुद्दाम सांगावं लागतं. जखमेवर, रेडिएशननं हुळहुळ्या झालेल्या किंवा बधिर कातडीवरही नाही.

ताईंनी डबीवरची चकती हळूहळू फिरवली. “आज्जी, मुंग्या आल्या की सांगा. दुखायला नको.” मावशी डोळे मिटून बसली होती. “पाय आखडून बसल्यावर येत्यात तशा आल्या,” ती म्हणाली. ठणका गेला नाही. पण सकाळी मोरीपर्यंत जाताना ती डबी मागू लागली. मॉर्फिनची गोळी ठरल्या वेळी, आणि उठायच्या आधी पट्ट्या. मे महिन्यात त्या पट्ट्या वाळून कातडीला धरेनात, तेव्हा ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी बोटानं पाण्याचा थेंब लावायचे. चार दिवसांनी मावशी स्वतःच तांब्या जवळ ओढून ठेवायला लागली.