ईथरनेट सेतू

ईथरनेट सेतू : एकाच स्थानिक जाळ्याचे (लॅनचे) दूर पडलेले भाग जोडून त्यांचे पुन्हा एकच जाळे करणारा घटक. व्यवहारातला शब्द ‘ब्रिज’. ‘सेतू’ हा प्रतिशब्द अर्थाने चोख असला तरी महाराष्ट्रात तो ऐकताच दाखले देणारे सेतू केंद्र आठवते. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात तर तंत्रज्ञ मराठीत बोलोत वा कन्नडमध्ये, ‘ब्रिज’, ‘लिंक’ आणि ‘पीओई’ (जाळ्याच्या तारेतूनच यंत्राला वीज देण्याची सोय) हेच शब्द दोन्हीकडे चालतात. या नोंदीत ‘सेतू’ आणि ‘ब्रिज’ हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने योजले आहेत. सेतू स्वतंत्र पेटीच्या रूपात मिळतो, समोरासमोर लावायच्या बिनतारी जोडीच्या रूपात मिळतो, तसेच लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात ‘ब्रिज’ याच नावाचे मॉड्यूल असते आणि ते चालू केल्यास दोन जाळेपत्रे (नेटवर्क कार्डे) असलेला जुना संगणकही सेतूचे काम करू शकतो.

उगम : ईथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात मे १९७३ मधील एका टिपणात मांडली, डेव्हिड बॉग्ज यांच्यासह त्यांनी लिहिलेला निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. सेतूचा उगम मात्र इतक्या नेमकेपणाने एका तारखेला बांधता येत नाही. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील मार्क केम्फ यांच्या एकस्वाचा (पेटंटचा) अर्ज १९८३ चा, त्याची मंजुरी १९८६ ची आणि त्या कंपनीचा ‘लॅनब्रिज १००’ बाजारात आला तोही १९८६ च्या सुमारास. दरम्यान त्याच कंपनीतील रेडिया पर्लमन यांनी वर्तुळाकार जोडण्यांवरचा उपाय १९८५ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यामुळे काही लेखक पर्लमन यांनाच सेतूचे जनकत्व देतात. काटेकोरपणे पाहता पत्ते शिकून चौकटी (‘फ्रेम’, म्हणजे जाळ्यातून जाणारे माहितीचे गठ्ठे) पुढे पाठवणारे यंत्र केम्फ यांचे आणि अशी अनेक यंत्रे एका जाळ्यात निर्धास्तपणे नांदतील अशी व्यवस्था पर्लमन यांची, ही विभागणी अधिक ग्राह्य वाटते. याच काळात आयबीएमने टोकन रिंग या ईथरनेटहून वेगळ्या पद्धतीच्या जाळ्यांसाठी वेगळा मार्ग पुरस्कारला होता. त्यात चौकटीने कोणत्या सेतूंवरून जायचे हे पाठवणारा संगणकच ठरवून देई. ईथरनेटच्या बाजूने मात्र सेतू संगणकांना दिसूच नये हा ‘पारदर्शक’ विचार टिकला आणि १९९० मध्ये ८०२.१डी या मानकात स्थिरावला. त्याच वर्षी कल्पना या अमेरिकन कंपनीने अनेक दारांचा (पोर्टचा) सेतू ‘ईथरस्विच’ या नावाने आणला. आज दुकानात मिळणारा स्विच म्हणजे तत्त्वतः अनेक दारांचा सेतूच होय. दोहोंमध्ये मूलभूत भेद मानण्याचे कारण नाही.

कार्यपद्धती : सेतू आयपी पत्त्याकडे पाहत नाही. प्रत्येक चौकटीवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन ४८ बिटांचे यंत्रपत्ते (मॅक पत्ते) असतात. पाठवणाऱ्याचा पत्ता कोणत्या दारातून आला हे सेतू आपल्या कोष्टकात टिपतो आणि घेणारा त्याच दारापलीकडे असेल तर चौकट तिथेच थांबवतो, दुसऱ्या दारापलीकडे असेल तर त्या दाराने सोडतो, ठाऊकच नसेल तर आलेले दार वगळून सर्व दारांनी सोडतो. कोष्टकातली नोंद बहुधा ३०० सेकंद न वापरल्यास पुसली जाते. जुन्या जाड तारेच्या ईथरनेटमध्ये एक खंड ५०० मीटरचा आणि पुनरावर्तकांसह (रिपीटरसह) दोन संगणकांतले अंतर फार तर २,५०० मीटर असे, कारण दोन संगणकांनी एकाच वेळी पाठवलेल्या चौकटींची टक्कर वेळेत कळणे आवश्यक होते. सेतू चौकट आधी स्वतःकडे घेऊन मग नव्याने पाठवत असल्याने ही मोजणी त्याच्यापाशी पुन्हा शून्यापासून सुरू होते. जाळे लांबवता येते ते यामुळे.

धोका वर्तुळाचा. दोन भाग दोन सेतूंनी जोडले गेले, किंवा एकाच स्विचच्या दोन दारांत चुकून एकच तार बसली, की सर्वांना उद्देशून निघालेली चौकट फिरत राहते. ईथरनेटच्या चौकटीत फेऱ्या मोजणारा रकाना नसल्याने ती आपणहून मरत नाही, दर फेरीला तिच्या प्रती वाढतात आणि काही सेकंदांत सगळे जाळे ठप्प होते. पर्लमन यांच्या ‘स्पॅनिंग ट्री’ पद्धतीत सेतू दर २ सेकंदांनी एकमेकांना निरोप धाडतात, सर्वांत कमी क्रमांकाचा सेतू मूळ मानतात आणि वर्तुळ पुरे करणारी दारे मिटून ठेवतात. मूळ पद्धतीत नव्याने जोडलेले दार १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवते. या अर्ध्या मिनिटात संगणकाने मागितलेला आयपी पत्ता त्याला मिळत नाही आणि ‘तार खराब आहे’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो. २००१ च्या जलद आवृत्तीने हा वेळ पुष्कळ घटवला. लिनक्सच्या मॉड्यूलमध्ये स्पॅनिंग ट्री मुळात बंद असते, ती आठवणीने चालू करावी लागते.

सीमाभागातील वापर : बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेला, विशेषतः खानापूर तालुक्यात, जुनी घरे जांभ्याच्या जाड चिऱ्यांची आहेत, पुढच्या सोप्यात ठेवलेल्या राउटरची लहर मागच्या परसापर्यंत पोचताना क्षीण होते. अशा घरात तार ओढून मागे ती बिनतारी लहरीशी जोडणारा सेतू बसवणे हाच खात्रीचा उपाय. बेळगावच्या उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतीत प्रश्न वेगळा आहे. तेथे ओतशाळांतील विद्युत्भट्ट्या आणि मोठ्या मोटारी यांच्या शेजारून साधी तांब्याची तार नेल्यास चौकटी बिघडतात, म्हणून कचेरी आणि कारखाना यांमध्ये प्रकाशतंतू टाकून दोन्ही टोकांना प्रकाशसंकेत आणि विद्युत्संकेत यांचे परिवर्तक लावणे इष्ट.

चिकोडी, अथणीच्या ऊसपट्ट्यात घरापासून गुऱ्हाळापर्यंत किंवा विहिरीवरच्या मोटारघरापर्यंत बिनतारी जोडी लावतात. ऑक्टोबर २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ ठरावीक शक्तिमर्यादेत परवान्याविना, घराबाहेरही, खुले केले आहेत. लहरीला नुसती सरळ नजर पुरत नाही, त्या रेषेभोवती लंबगोल मोकळी जागा लागते. अंतर ५०० मीटर आणि वारंवारता ५.८ गिगाहर्ट्झ असता मध्यावर तिची त्रिज्या सुमारे २.५ मीटर येते आणि निदान ६० टक्के, म्हणजे दीड मीटर, मोकळी असावी. उन्हाळ्यात उसाची लागण लहान असताना ३ मीटरच्या खांबावर बसवलेली लिंक उत्तम चालते. दिवाळीच्या सुमारास ऊस साडेतीन मीटरवर गेला आणि पानांवर दव साठले की ती तुटू लागते आणि फड तुटला की पुन्हा पहिल्यासारखी होते. यंत्र बदलण्यात पैसे घालवण्यापूर्वी खांब ५ मीटरच्या वर न्यावा. मोसमी पावसाचे थेंब या वारंवारतेला इतक्या अंतरात फारसे अडवत नाहीत, ओली पाने अडवतात.

वळवाच्या विजांचा विचार येथे टाळता येत नाही. दोन इमारतींमधून तांब्याची तार नेली तर दोन्हीकडच्या भूसंपर्कांतील (अर्थिंगमधील) विद्युत्दाबाचा फरक त्या तारेतून वाहतो आणि दोन्ही टोकांची यंत्रे जळतात. पश्चिमेकडच्या कोरड्या जांभ्या जमिनीत भूसंपर्क मुळातच कमी प्रतीचा मिळतो, पूर्वेकडच्या काळ्या जमिनीत तो बरा असतो. म्हणून खानापूरकडे खड्डा खोल घेऊन मीठ-कोळसा घालणे आणि उन्हाळ्यात त्यात पाणी सोडणे आवश्यक ठरते.

मांडणी : बिनतारी जोडीत एक टोक एपी (ॲक्सेस पॉइंट, म्हणजे जोडणी देणारे यंत्र) आणि दुसरे स्टेशन (जोडणी घेणारे यंत्र) ठेवतात. साध्या स्टेशनकडून एपीकडे जाणाऱ्या चौकटीत तीनच पत्ते असतात, त्यामुळे स्टेशनच्या मागचे संगणक एपीला वेगळे ओळखता येत नाहीत. दोन्ही टोकांना चार पत्त्यांची, डब्ल्यूडीएस या नावाची, सोय चालू केल्याशिवाय खरा सेतू होत नाही. दोन्ही यंत्रांना एकाच उपजाळ्यातले (सबनेटमधले) पण भिन्न आयपी पत्ते द्यावेत, कारण उत्पादकाकडून दोघांवर बहुधा एकच पत्ता येतो. पलीकडे जुना राउटर वापरायचा असेल तर त्याची पत्ते वाटण्याची सेवा (डीएचसीपी) बंद करावी आणि तार वॅनच्या (बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या) नव्हे, लॅनच्या दारात लावावी. बहुतेक तक्रारींचे मूळ याच दोन ठिकाणी सापडते. लिनक्सवर सेतू उभारताना आयपी पत्ता दारांवरून काढून सेतूलाच द्यावा लागतो. हे काम दुरून केल्यास पत्ता निघताच आपलाच संपर्क तुटतो, तेव्हा ते यंत्रापाशी बसूनच करावे.