पेनसिल्व्हेनिया रेलरोड: स्टेशन पाडलं, बोगदे राहिले

न्यूयॉर्कचं 'पेन स्टेशन' हे नाव आजही रोज लाखो लोकांच्या तोंडी असतं, पण ज्या कंपनीवरून ते पडलं ती पेनसिल्व्हेनिया रेलरोड १९६८ मध्येच संपली.

सुरुवात १८४६ ची. एरी कालव्यामुळे पश्चिमेचा सगळा माल न्यूयॉर्कला जाणार म्हणून फिलाडेल्फियाचे व्यापारी धास्तावले होते, त्यांना पिट्सबर्गपर्यंत सलग रेल्वे हवी होती आणि मधे अ‍ॅलेगेनी डोंगर आडवा. त्याआधी तर कालव्यातल्या बोटी चक्क गाड्यांवर चढवून दोरांनी डोंगरापलीकडे ओढून न्यायचे! इंजिनिअर जे. एडगर थॉमसनने अल्टूनाजवळ रूळ दरीच्या एका कडेने आत नेले, टोकाशी वळवले आणि समोरच्या कडेने वर काढले. हाच तो हॉर्सशू कर्व्ह, १८५४ मध्ये सुरू झाला, खोदकाम बहुतेक आयरिश मजुरांनी कुदळ-फावड्यांनी केलेलं. लांब मालगाडी गेली की इंजिन आणि मागचे डबे समोरासमोर दिसतात, आणि हो, आजही तिथून गाड्या धावतात.

पुढे कंपनी अफाट मोठी झाली. तरी न्यूयॉर्कला जायचं तर प्रवाशांना जर्सी सिटीला उतरून फेरीबोटीने हडसन नदी ओलांडावी लागायची, म्हणून अध्यक्ष अलेक्झांडर कॅसाटने नदीखालून बोगदे काढायला घेतले, ते पूर्ण झालेले बघायला मात्र तो राहिला नाही, १९०६ मध्येच गेला. १९१० मध्ये पेन स्टेशन उघडलं, गुलाबी ग्रॅनाइटचं, प्राचीन रोमच्या स्नानगृहांच्या धर्तीवर बांधलेला प्रचंड वेटिंग हॉल.

मग हायवे आले, विमानं आली, पैसा आटला. कंपनीने स्टेशनच्या वरची जागा विकली आणि १९६३ मध्ये ती इमारत पाडायला सुरुवात झाली. माझ्या मते शहराच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी चूक. लोक इतके हळहळले की १९६५ मध्ये वारसा वास्तू वाचवणारा कायदा झाला. १९६८ मध्ये न्यूयॉर्क सेंट्रल या प्रतिस्पर्धी रेल्वेशी विलीनीकरण होऊन पेन सेंट्रल ही कंपनी बनली, तिला ग्रँड सेंट्रल या शहरातल्या दुसऱ्या मोठ्या स्टेशनच्या डोक्यावर टॉवर बांधायचा होता, पण याच कायद्याच्या जोरावर १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने शहराच्या बाजूने निकाल दिला. पेन सेंट्रल तर १९७० मध्येच दिवाळखोरीत गेली होती.

कॅसाटचे बोगदे मात्र अजून वापरात आहेत. २०१२ च्या सँडी वादळात त्यात खारं पाणी शिरलं, त्या नुकसानीमुळेही शेजारी नवा बोगदा काढायचं काम हाती घेतलंय.