अजिंक्यताऱ्याचा चढ आणि केळ्यावरची चिलटं

पहाटे अजिंक्यताऱ्यावर जाणाऱ्यांमध्ये आमच्या पेठेतले एक काका असतात. एसटीत मेकॅनिक होते, आता सत्तरी ओलांडली आहे. गेल्या महिन्यात महादरवाजाच्या अलीकडं ते कठड्यावर टेकले आणि म्हणाले, "सर, इंजन घासलं आता. पिस्टन झिजला की गाडी चढ घेत न्हाई."

बरोबरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते पटलं नाही, पण धाप लागलेली असताना समजावून सांगणं जमलं नाही, म्हणून हा लेख लिहितो आहे. पिस्टनचा धातू एकदा झिजला की परत येत नाही. स्नायूचं तसं नसतं. मांडीतली प्रथिनं रोज थोडी मोडली जातात आणि रोज थोडी नवी बनतात. काका पंचविशीत ज्या मांड्यांनी गड चढायचे, त्यातलं बहुतेक प्रथिन आज त्यांच्या अंगात शिल्लकही नाही. माल सतत नवा येत असेल तर स्नायू म्हातारा का होतो?

तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचं वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतं, साठीनंतर त्याहून वेगानं. आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये या घटीला 'सार्कोपेनिया' हे नाव दिलं. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे कमतरता. नाव मिळालं, पण कारण शोधण्यात अडचण होती ती वेळेची. माणसाचा स्नायू म्हातारा होताना बघायचा तर पन्नास वर्षं थांबावं लागतं, आणि तोवर बघणाराही म्हातारा होतो.

इथं उपयोगी पडतं ते केळ्यांचा घड दोन दिवस जास्त राहिला की त्यावर घिरट्या घालणारं तांबड्या डोळ्यांचं चिलट, म्हणजे ड्रोसोफिला मेलानोगास्टर. २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला दहा दिवस लागतात आणि पुढचं आयुष्य दोन-अडीच महिन्यांचं. माणसातल्या आजारांशी संबंध असलेल्या जनुकांपैकी सुमारे ७५ टक्के जनुकांना चिलटात जोडीदार सापडतो. (शेतकरी मित्रांसाठी खुलासा: आंबा, पेरू, काकडी नासवणारी आणि आपण सापळे लावून पकडतो ती फळमाशी वेगळी, तिचं नाव बॅक्ट्रोसेरा. ड्रोसोफिलालाही पुस्तकांत फळमाशीच म्हणतात, त्यानं घोटाळा होतो. म्हणून मी चिलटच म्हणणार.)

चिलटं काचेच्या नळीत घालून नळी टेबलावर आपटली की सगळी तळाशी पडतात आणि लगेच काच चढू लागतात. वर चढणं ही त्यांची उपजत ओढ आहे. तरुण चिलटं काही सेकंदांत वर पोचतात. पाच-सहा आठवड्यांची अर्ध्यावर रेंगाळतात, काही तर तळच सोडत नाहीत. जगभरातल्या प्रयोगशाळांत स्नायूचं वय मोजायला ही साधी चढण वापरतात.

पण मला वेड लावलं ते चिलटाच्या पंखांच्या स्नायूंनी. चिलट सेकंदाला सुमारे २०० वेळा पंख मारतं आणि मज्जातंतूकडून त्या स्नायूला सेकंदाला इशारे येतात जेमतेम पाच-दहा. मग उरलेले ठोके कोण देतं? चिलटासारख्या माश्यांमध्ये इशारे आणि ठोके यांचा एकास एक मेळ बसत नाही, हे जॉन प्रिंगल यांनी १९४९ मध्ये दाखवलं. हे स्नायू थेट पंखांना जोडलेले नसतात, छातीच्या कवचाला जोडलेले असतात. त्यांचे दोन गट आहेत, उभा आणि आडवा. उभा आकसला की कवच वरून दबतं, पंख वर जातात आणि आडवा गट ताणला जातो. हा ताणच त्याला 'आता तू' असं सांगतो. तो आकसला की कवच वर फुगतं, पंख खाली येतात आणि उभा गट ताणला जातो. लाकडाच्या वखारीत दोघं मिळून मोठी करवत ओढतात, तसं हे चालतं. एकाची ओढ हीच दुसऱ्याची सूचना. मज्जातंतू फक्त स्नायूला जागं ठेवतो.

आता याचा हिशेब करा. मिनिटाला १२,००० ताण! एवढी ओढ सोसणारी जागा कुठली? स्नायूचा धागा हा सार्कोमिअर नावाच्या छोट्या डब्यांची मालिका असतो. चिलटाच्या या स्नायूत एका मिलिमीटरमध्ये असे सुमारे तीनशे डबे बसतात. डब्यात मायोसिनचे जाड धागे ॲक्टिनच्या बारीक धाग्यांना आत ओढतात. बारीक धाग्यांचं टोक डब्याच्या भिंतीत, म्हणजे झेड-चकतीत, रोवलेलं असतं. तिथं त्यांना बांधून ठेवणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे फिलामिन. जोराची ओढ बसली की फिलामिनच्या घड्या उसवतात.

उसवलेलं फिलामिन तिथंच पडून राहिलं तर भिंत कमकुवत होते. म्हणून बॅग-३ नावाचं प्रथिन आपल्या सोबत्यांसह तिथं हजर होतं. हे सोबती उसवलेला तुकडा ओळखतात, त्याच्यावर युबिक्विटिन नावाची खूण चिकटवतात, मग त्याच्याभोवती पडद्याची पिशवी तयार होते. ती पिशवी पेशीतल्या लायसोसोम नावाच्या मोडतोडीच्या कप्प्यात रिकामी होते आणि तिथली विकरं (एन्झाइम) प्रथिनाचे सुटे भाग करतात. बॅग-३ एवढ्यावर थांबत नाही, नवं फिलामिन बनवण्याचा हुकूमही सोडतं. जुनं काढणं आणि नवं मागवणं एकाच कारभाऱ्याच्या हाती! चिलटात हे काम करणाऱ्या प्रथिनाचं नाव स्टार्विन. जर्मनीत बॉनमधल्या यॉर्ग ह्योफेल्ड यांच्या गटानं २०१० मध्ये दाखवलं की ही सफाई बिघडली तर झेड-चकत्या विस्कटत जातात आणि स्नायू हळूहळू दुबळा होतो. चिलटात, उंदरात आणि माणसातही हेच दिसतं. बॅग-३ च्या जनुकातल्या एका बदलामुळं लहान मुलांना स्नायूंचा गंभीर आजार होतो.

म्हणजे काका म्हणतात तशी झीज खरी आहे, पण ती विशीतही रोज होत असते. तेव्हा सफाई वेळेवर होते. वय वाढलं की सफाई मागं पडते आणि म्हाताऱ्या चिलटाच्या स्नायूत युबिक्विटिनची खूण लागलेल्या, पण न उचललेल्या प्रथिनांचे ढीग दिसू लागतात.

२०१० मध्येच हार्वर्डमध्ये फाबिओ देमोंतीस आणि नॉर्बर्ट पेरीमॉन यांनी यावरचा सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. इन्सुलिनचा संदेश कमी असला की पेशीत फॉक्सो नावाचं प्रथिन कामाला लागतं. ते ४ई-बीपी या दुसऱ्या प्रथिनाकरवी नव्या प्रथिनांची निर्मिती आवरतं आणि साफसफाईला वाव देतं. त्यांनी फॉक्सोचं काम फक्त स्नायूंमध्ये वाढवलं. स्नायूतले ढीग कमी झाले, ताकद जास्त काळ टिकली, आणि डोळा, मेंदू यांसारख्या इतर भागांतलेही ढीग घटले. त्या चिलटांचं खाणं आणि इन्सुलिनचा स्राव कमी झाला होता, त्याचा परिणाम अंगभर पोचला. स्नायू स्वतः तर सावरतोच, पण बाकीच्या शरीरालाही निरोप धाडतो, हे वाचून मी दोन दिवस दुसरं काही वाचलं नाही. मात्र यावरून फॉक्सोची गोळी शोधायला निघू नये. उंदरात हेच प्रथिन अति झालं तर स्नायू रोडावतात.

आपल्या देशातही या स्नायूंवर मोलाचं काम झालं आहे. बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस (एनसीबीएस) या संस्थेत के. विजयराघवन यांनी चिलटाचे उड्डाणाचे स्नायू कसे घडतात याचा अनेक वर्षं अभ्यास केला.

व्यायामाचं काय? रॉबर्ट वेसेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलटांसाठी एक यंत्रच बनवलं. ते नळ्या पुन्हा पुन्हा उचलून खाली सोडतं, चिलटं पडतात आणि पुन्हा चढतात. तरुणपणी असा सराव मिळालेल्या चिलटांची चाल आणि हृदय उतारवयात कमी ढासळलं, असं त्यांनी २००९ मध्ये दाखवलं. माणसातही स्नायूला जोराचा ताण देणारा व्यायाम केला की बॅग-३ ची यंत्रणा जागी होते, हे नंतर दिसलं. गड उतरताना मांडीचा स्नायू भार घेत लांबतो, तो असाच ताण. म्हणून काकांनी चढ सोडू नये आणि उतारही टाळू नये, फक्त गुडघे डॉक्टरांना दाखवून घ्यावेत.

एक गोष्ट मात्र रागानं सांगतो. पायात बळ यावं म्हणून घोरपडीचं तेल चोळणारी माणसं आजही भेटतात. वरून चोळलेली चरबी झेड-चकतीपर्यंत पोचत नाही आणि फिलामिनची घडीही बसवत नाही. घोरपडीला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. त्या बाटलीसाठी एक जीव जातो, आणि विकत घेणारा त्या शिकारीला पैसा पुरवतो. 'महिन्यात मसल' म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या डब्यांवरही माझा विश्वास नाही. प्रथिन लागतंच, पण ते डाळी, दूध, अंडी, शेंगदाण्यांतून मिळतं, आणि स्नायूला काम दिलं नाही तर नुसतं खाऊन तो वाढत नाही.

हे सगळं घरी बघता येतं. उभट काचेच्या बाटलीत पिकलेल्या केळ्याचा तुकडा टाका, दहा-पंधरा चिलटं आत शिरली की तोंडाला कापसाचा बोळा लावा. बाटली माठाशेजारी गारव्याला ठेवा, कारण उन्हाळ्याच्या उष्म्यात चिलटं लवकर म्हातारी होतात. मोजायच्या वेळी त्यांना कोरड्या बाटलीत घ्या, अर्ध्या उंचीवर पेनानं रेघ मारा, बाटली तीनदा आपटा आणि दहा सेकंदांत किती रेघेपार गेली ते वहीत लिहा. दर आठवड्याला एकाच वेळी मोजा. आणि दर तीन-चार दिवसांनी मूळ चिलटांना ताज्या केळ्याच्या नव्या बाटलीत हलवा, नाहीतर दहा-बारा दिवसांत जुन्या बाटलीतून पुढची पिढी बाहेर पडेल आणि आजी कोण, नात कोण हे ओळखता येणार नाही.