इनलाइन एसव्हीजीची सुगम्यता

वेबपानाच्या एचटीएमएलमध्येच लिहिलेले सदिश चित्र (ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांच्या वर्णनातून रेखाटलेले) न दिसणाऱ्या किंवा माउस न वापरणाऱ्या वाचकालाही उलगडावे, यासाठी केलेली मांडणी. एसव्हीजी हे अशा चित्रांचे, वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेचे २००१ पासूनचे मानक. २०१४ च्या एचटीएमएल५ मानकात ते थेट पानात लिहिण्याची सोय आली. वेगळी फाइल आयएमजी टॅगने जोडली की ऑल्ट मजकुरावर, म्हणजे चित्राऐवजी वाचल्या जाणाऱ्या वर्णनावर, भागते. इनलाइन चित्राला ऑल्ट नसतो.

नागपूर मेट्रोचा नकाशा घेऊ. ऑरेंज लाइन खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, ॲक्वा लाइन प्रजापती नगर ते लोकमान्य नगर. दोन्ही एकमेकींना सीताबर्डीला छेदतात. एसव्हीजी टॅगला रोल आयएमजी (role="img", म्हणजे ‘हे चित्र आहे’ अशी ओळख) द्यावा. त्याच्या आत सर्वांत आधी टायटल: ‘नागपूर मेट्रोचा मार्गनकाशा’. पाठोपाठ डेस्क (desc) या वर्णनाच्या टॅगमध्ये वरची मार्गांची माहिती. दोहोंना आयडी देऊन टायटलचा आयडी एसव्हीजी टॅगच्या एरिया-लेबल्डबाय (aria-labelledby) या गुणधर्मात आणि डेस्कचा एरिया-डिस्क्राइब्डबाय (aria-describedby) मध्ये लिहावा. नियमाने नुसते टायटल पुरायला हवे, पण ब्राउझर आणि स्क्रीनरीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) यांच्या सगळ्याच जोड्या ते पाळत नाहीत. टायटल माउस नेल्यावर तरंगूनही दिसते. ते नको असल्यास एरिया-लेबल वापरावे. पान इंग्रजी असेल तर टॅगवर लँग एमआर (lang="mr", भाषा मराठी) लिहावे, नाहीतर मराठी नाव इंग्रजी आवाजाच्या तावडीत सापडते.

रोल आयएमजीची एक गोम आहे: त्याने आतले सगळे एकच चित्र ठरते आणि स्थानकांची नावे वाचली जात नाहीत. स्थानकांवर दुवे असतील तर हा रोल देऊ नये. प्रत्येक दुव्याला स्वतःचे नाव हवे आणि टॅब दाबत क्रमाने तिथे पोहोचता यायला हवे. नकाशाखाली स्थानकांची साधी यादी मात्र दोन्ही प्रकारांत द्यावीच. तिच्यात सगळ्यांनाच स्थानक नकाशापेक्षा लवकर सापडते.

मराठी नकाशांत जास्त घात होतो तो अक्षरांचा. डीटीपीवाल्याकडून आलेल्या फाइलीत मजकूर बहुधा कर्व्ह केलेला असतो, म्हणजे ‘सीताबर्डी’ हे नाव उरत नाही, नुसत्या रेषा उरतात. कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टातला मजकूर वाचला जातो खरा, पण निरर्थक. नावे युनिकोडमध्ये टेक्स्ट टॅगात पुन्हा टाइप करावीत. एकेक अक्षर वेगळ्या टीस्पॅनमध्ये (टेक्स्टच्या आतला उपटॅग) तोडले तर मात्रा आणि जोडाक्षरे फुटतात.

रंगांचेही पाहावे. ऑरेंज आणि ॲक्वा ही योगायोगाने सीएसएस या वेबपानाची सजावट ठरवणाऱ्या भाषेतली रंगनावेही आहेत, पण पांढऱ्यावर त्यांचा कॉन्ट्रास्ट (उजेडातला फरक) अनुक्रमे सुमारे १.९७:१ आणि १.२५:१ इतकाच भरतो. अर्थवाही रेषांसाठी डब्ल्यूसीएजी २.१ ही वेब सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे किमान ३:१ मागतात. छटा गडद करावी आणि रेषेवर मार्गाचे नावही लिहावे, कारण केवळ रंगावरून मार्ग ओळखायला लावणे चालत नाही.

शोभेच्या आयकॉनला एरिया-हिडन ट्रू (aria-hidden="true", म्हणजे स्क्रीनरीडरपासून लपवणे) पुरे. बटणात एकटाच आयकॉन असेल तर नाव बटणाला द्यावे.

तपासणीसाठी एनव्हीडीए या स्क्रीनरीडरमध्ये जी कळ दाबून चित्रावर जावे. नाव ऐकू आले नाही, किंवा दुसऱ्याच चित्राचे आले, तर आधी आयडी पाहावेत. एसव्हीजीओसारखी साधने फाइल लहान करताना आयडी ‘ए’, ‘बी’ असे आखडतात. मग एका पानात दोन चित्रे आली की ते एकमेकांवर आदळतात. जुन्या आवृत्त्या तर टायटल आणि व्ह्यूबॉक्सही (चित्राची चौकट ठरवणारा गुणधर्म) काढून टाकत.